पुढच्या रांगेत आपण का नाही?

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते ना, मैत्रिणींनो? नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदाच भारताकडे आला. मध्यरात्री गल्लीगल्लीत फटाके वाजले. ज्या घरांत क्रिकेट म्हणजे ‘पुरुषांचं टीव्ही अडवणं’ एवढीच ओळख होती, तिथल्या बायकाही जागल्या. मला मात्र त्या रात्रीची एक गोष्ट चषकापेक्षाही मोठी वाटली. हरमनप्रीत आणि तिच्या संघाने तो चषक मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. या तिघीही केव्हाच निवृत्त झालेल्या. घरात पहिला पगार आला की आधी देवापुढे आणि मग आजीच्या हातात ठेवतात ना, तसंच काहीसं ते वाटलं.

तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय. खेळणाऱ्यांचं कौतुक आपण करतोच, पण खेळून झालेल्यांचं काय? त्यांच्याजवळ जे सांगण्यासारखं आहे ते आपण कधी ऐकतो का? आणि ऐकतं कोण?

तुम्ही म्हणाल, ऐकतो की! गावोगावच्या क्रिकेट क्लबांच्या वर्धापनदिनाला, गणेशोत्सवात, एखाद्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला माजी खेळाडू प्रमुख पाहुणे म्हणून येतातच. शाल, श्रीफळ, दोन शब्द, मग किस्से. व्याख्यान ऐकायची हौस तर आपल्या मातीतच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. पण खेळाडूला बोलवायचं, चहा प्यायचा आणि त्याच्या तोंडून जुन्या सामन्यांच्या आठवणी ऐकायच्या, ही रीत खऱ्या अर्थाने रुजली ती इंग्लंडमध्ये. तिथल्या प्रत्येक कौंटी संघाभोवती चाहत्यांची मंडळं असतात. हिवाळ्यात मैदानं बंद पडली की ही मंडळी एखाद्या सभागृहात जमतात, निवृत्त खेळाडूला बोलावतात, प्रश्न विचारतात, सोडतीची तिकिटं विकून चार पैसे जमवतात. सभासदांत निवृत्त शिक्षक, पोस्टमन, दुकानदार, आजीआजोबा असे सगळे.

हे सगळं निव्वळ हौसेपोटी सुरू झालं असं समजू नका. त्यामागे पोटाचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांच्या चक्क दोन जाती होत्या. पैशांसाठी न खेळणारे ते ‘जंटलमन’ आणि पगार घेऊन खेळणारे ते ‘प्लेयर्स’. कित्येक मैदानांवर दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्यासुद्धा वेगळ्या! हा भेद अधिकृतपणे संपला तो १९६२ मध्ये. पगारी खेळाडूला पेन्शन नसे. दहा-बारा वर्षं इमानाने खेळला की क्लब त्याच्यासाठी एक ‘बेनिफिट’ सामना ठेवायचा. त्या दिवशीची तिकिटं आणि प्रेक्षकांनी टोपीत टाकलेले पैसे, हीच त्याची म्हातारपणाची पुंजी. केंट कौंटीच्या जेम्स सेमूर या खेळाडूच्या अशा पैशांवर कर मागितला गेला, तेव्हा प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेलं. १९२७ मध्ये निकाल लागला की हा पगार नव्हे, चाहत्यांनी प्रेमाने दिलेली भेट आहे, म्हणून त्यावर प्राप्तिकर नाही. थोडक्यात काय, तर खेळाडूची उतारवयातली भाकरी चाहत्यांच्या हातात होती. खेळाडूंनी स्वतःची संघटना उभी केली ती पुढे, १९६७ मध्ये.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. १९८३ चा विश्वचषक कपिलदेवच्या संघाने जिंकला, तेव्हा त्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पुरेसे पैसे नव्हते. मंडळाचे अध्यक्ष होते आपल्या नागपूरचे एन. के. पी. साळवे. मग लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला, पैसे उभे राहिले आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. आज हे सांगितलं तर मुलं हसतात. त्यांना वाटतं, क्रिकेटपटू म्हणजे जन्मतःच कोट्यधीश.

ही समजूत खोडायची तर माजी खेळाडूंना ऐकायलाच हवं. आणि इथेच माझी तक्रार आहे. आपल्या छोट्या गावांत अशा कार्यक्रमांना बायका कुठे असतात? दारात रांगोळी काढायला, पाहुण्यांना ओवाळायला, फार तर स्वागतगीत म्हणायला. औक्षण झालं की ताट घेऊन आपण मागे, आणि माइक पुढच्या चार रांगांतल्या पुरुषांच्या हाती.

मध्यंतरी आमच्या गावातही असाच एक कार्यक्रम झाला. रणजी सामने खेळलेले एक गृहस्थ आले होते. बोलले छानच. अमुक गोलंदाज कसा डोळे वटारायचा, तमुक कर्णधार झोपेत कसा बडबडायचा, सभागृह हसून हसून लोळलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. ‘सचिन मोठा की विराट?’ ‘आयपीएलमुळे कसोटी संपेल का?’ पाऊण तास हेच. आमच्या बचत गटातली एक जण माझ्या शेजारी बसली होती. तिची मुलगी तेरा वर्षांची, चेंडू असा टाकते की शाळेतली मुलंही बिचकतात. विश्वचषक पाहिल्यापासून पोरीने ध्यास घेतलाय आणि बापानेही मनावर घेतलंय. मोठ्या शहरातल्या खासगी अकॅडमीत घालायचं, त्यासाठी हिच्या पाटल्या गहाण ठेवायच्या, असं घरात ठरत आलेलं. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की हे करू का? तिने दोनदा हात वर केला. माइक तिच्यापर्यंत आलाच नाही.

शेवटी चहाच्या वेळी मी तिला ओढतच पाहुण्यांपुढे नेलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग ते जे बोलले, ते स्टेजवरच्या पाऊण तासापेक्षा कितीतरी मोलाचं होतं. त्यांनी सांगितलं की त्यांचे रणजी सामने पंचवीस भरले नाहीत, म्हणून मंडळाच्या पेन्शनच्या नियमात ते बसत नाहीत. घर चाललं ते खेळामुळे मिळालेल्या बँकेतल्या नोकरीवर आणि बायकोच्या शिकवण्यांवर. मुलांच्या आजारपणात ते बहुतेक वेळा दौऱ्यावरच असायचे. पाटल्या गहाण ठेवू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलीला खेळू द्या, शाळा सोडू देऊ नका, आधी जिल्ह्याच्या निवड चाचण्यांना उतरवा, आणि अकॅडमीची फी भरली म्हणजे निवड झाली असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, हेही सांगितलं.

मी तेव्हापासून विचार करतेय, हे सगळं स्टेजवर का नाही आलं? कारण कुणी विचारलंच नाही. पुरुष सामना विचारतात. घर कसं चाललं, हे आपण विचारलं असतं.

आता थोडे आकडे पाहू, कारण आपल्या मुलींच्या बाबतीत नुसत्या भावनेवर निर्णय घेऊन चालणार नाही.

भारतीय क्रिकेट मंडळाने माजी खेळाडूंसाठी पेन्शन योजना आणली २००४ मध्ये. २०२२ मध्ये रकमा वाढवल्या. प्रथम श्रेणी खेळलेल्यांना दरमहा १५ हजारांचे ३० हजार झाले, कसोटीपटूंच्या एका गटाला साडेसदतीस हजारांचे ६० हजार झाले, आणि भारताकडून खेळलेल्या महिलांना ३० हजारांचे साडेबावन्न हजार. चांगलीच गोष्ट आहे. पण नीट वाचा. महिलांचा हा आकडा आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी आहे. राज्याकडून वर्षानुवर्षं राबलेल्या, पण भारताची टोपी न मिळालेल्या बाईचं काय? माजी खेळाडूंची ‘इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन’ ही संघटनासुद्धा उभी राहिली ती थेट २०१९ मध्ये, तीही लोढा समितीच्या शिफारशींमुळे.

आणि भारताची टोपी किती जणांना मिळते हो? मुंबईचे पद्माकर शिवलकर घ्या. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण एकही कसोटी वाट्याला आली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले. आपल्या विश्वविजेत्या मुलींचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार घ्या. अकरा हजारांवर धावा, रणजी विजेत्या मुंबईचे कर्णधार, पण भारताकडून एक सामना नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर तर त्याहून पुढचे. १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा! ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. त्यांनाही कसोटी मिळाली नाही. गुण असून, कष्ट करून, तरीही दार उघडत नाही, असं खेळात घडतं. हे मुलीला आधी सांगायला हवं. घाबरवायला नव्हे, तयारी असावी म्हणून.

बायकांची कथा तर आणखी निराळी. आपल्याकडे महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली १९७३ मध्ये. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली, संघ किती? तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली पाटण्यात भारताने वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी विजयही मिळवला. त्या संघात पुण्याची शुभांगी कुलकर्णी होती. त्या काळातल्या खेळाडू रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यातून प्रवास करायच्या, कुठे हॉलमध्ये, कुठे शाळेच्या वर्गात वळकट्या पसरून झोपायच्या. महिला क्रिकेट मुख्य मंडळाच्या छताखाली आलं ते २००६ मध्ये, आणि त्या वेळी महिला संघटनेची सचिव होती हीच शुभांगी. त्याआधी एकच वर्ष, २००५ मध्ये, आपल्या मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या होत्या. मितालीने एका मुलाखतीत सांगितलंय, त्या स्पर्धेत सामन्यामागे हजार रुपये मिळाले. हजार!

वीस वर्षांत चित्र पालटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी स्त्री-पुरुषांचं मानधन सारखं केलं. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग आली आणि आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. विश्वचषक जिंकल्यावर मंडळाने ५१ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. डिसेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांत अकरा जणींत खेळणाऱ्या वरिष्ठ खेळाडूचं दिवसाचं मानधन २० हजारांवरून ५० हजारांवर नेलं. मला विचाराल तर यातली सगळ्यांत मोठी बातमी ही शेवटची आहे. तीन कोटी एकीला मिळतात. पन्नास हजारांनी मात्र अनेक घरांना धीर येतो.

पण लगेच हुरळून जाऊ नका. महिला प्रीमियर लीगमध्ये संघ पाच, एका संघात जास्तीत जास्त अठरा जणी. म्हणजे नव्वद जागा, त्यातही परदेशी खेळाडू आल्याच. आणि इच्छुक मुली? प्रत्येक जिल्ह्यात उभ्या राहताहेत. २०२३ आणि २०२५ असा दोन्ही वेळा १९ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतानेच जिंकला, म्हणजे खालची फळीही तयार आहे. चढाओढ वाढणार. त्यामुळे खेळ हवा, पण एकट्या खेळावर संसार टांगायचा नाही, हे माजी खेळाडूंचं म्हणणं सोन्यासारखं आहे. पूर्वी बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. महिला क्रिकेट तर अनेक वर्षं रेल्वेच्याच आधारावर उभं होतं. हरमनप्रीतलाही पश्चिम रेल्वेत नोकरी लागली होती, आणि त्यासाठी पाठपुरावा केला होता माजी कर्णधार डायना एडलजींनी. बघा, निवृत्त बाई केवढं काम करू शकते!

याच डायनाबाईंची आणखी एक गोष्ट. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताची कर्णधार असूनही लॉर्ड्‌सच्या पॅव्हेलियनमध्ये त्यांना जाऊ दिलं नाही, कारण तिथे बायकांना प्रवेश नव्हता. लॉर्ड्‌सचा मालक असलेल्या क्लबने स्त्रियांना सभासद करून घ्यायचा ठराव केला तो १९९८ मध्ये. दोनशेहून अधिक वर्षं जुना क्लब! म्हणजे बायकांना दाराबाहेर ठेवायची रीत काही आपल्याच गावची नाही. पण तिथे ती मोडली, ती बायकांनी वर्षानुवर्षं दार ठोठावलं म्हणून. आपल्या गावच्या क्लबला तर दारसुद्धा नाही, शामियाना असतो. पुढे जाऊन बसायला कुणाची परवानगी लागते?

कुणी म्हणेल, क्लब पुरुषांनी वर्गणी काढून चालवलाय, ते त्यांना हवे ते प्रश्न विचारणार. बरोबर आहे. किश्श्यांमध्येही वाईट काही नाही, दिवसभर दुकानात बसून आलेल्या माणसाला दोन घटका हसायचं असतं. पण आता त्याच क्लबच्या मैदानावर आपल्या मुली सरावाला जाऊ लागल्या आहेत. त्यांची फी घेतली जाते. मग त्यांच्या आयांचे प्रश्नही त्या शामियान्यात आलेच पाहिजेत.

कोणते प्रश्न? मी आमच्या गटात बसून यादी केली. तुम्हीही करा. मैदानावर मुलींसाठी बंद दाराचं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा आहे का? पाळीच्या दिवसांत सराव कसा करायचा, हे सांगणारी बाई आहे का? गुडघा किंवा खांदा निकामी झाला तर पुढे काय? सराव आणि दहावी एकत्र कशी सांभाळायची? प्रवासात मुलींसोबत कोण असतं? निवड झाली नाही तर पंच, गुणलेखक, प्रशिक्षक, फिजिओ असे कोणते रस्ते आहेत? आणि खेळ सुटला त्या दिवशी मन कसं सावरलंत?

सुरक्षिततेचा प्रश्न तर बिनधास्त विचारा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा जो कायदा आहे, त्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, सरावाची केंद्रं हीसुद्धा ‘कामाची ठिकाणं’ धरली आहेत. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच, नसतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहेच. असं विचारलं की काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. चांगल्या प्रशिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरं, पाहुणे म्हणून नेहमी पुरुषच का? २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाचा महिलांसाठीचा जीवनगौरव पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो शांता रंगास्वामींना. इतकी वर्षं खेळूनही त्यांची नावं आपल्या मुलींना ठाऊक नाहीत. आता मोठ्या कप्तानांना गावात आणणं जमणार नाही, हे मान्य. पण आपल्या जिल्ह्यात, विद्यापीठाकडून किंवा राज्याकडून खेळलेली एखादी बाई नक्की असेल. कुठे शाळेत पीटी शिकवत असेल, कुठे पोस्टात असेल, कुठे आपल्यासारखीच कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल. लग्नानंतर तिची बॅट माळ्यावर गेली असेल. तिला शोधा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा तिला बोलवा, मुलींना समोर बसवा आणि तासभर तिला बोलू द्या. मानधनाचं पाकीटही द्या बरं का! नुसत्या ओटीवर भागवू नका. बाई फुकट बोलते, ही सवय आपणच मोडायला हवी.

आमच्या गटाने क्लबला पत्र दिलंय. तीन मागण्या आहेत. कार्यक्रमात पुढच्या दोन रांगा मुली आणि त्यांच्या आयांसाठी, प्रश्नोत्तरांतला निम्मा वेळ त्यांचा, आणि वर्षातून एक पाहुणी माजी महिला खेळाडू. पहिली मागणी त्यांनी हसत मान्य केली, दुसरीवर ‘बघू’ म्हणाले, तिसरीवर अजून चर्चा सुरू आहे. चर्चा लांबली तर पाहुणीला आम्हीच बोलावणार आहोत, सभागृहाचं भाडं गटाच्या खात्यातून देऊ. आणि हो, ज्या पाटल्यांबद्दल सांगितलं, त्या आजही तिच्या हातात आहेत. पोरीने मात्र बॉलिंग सोडलेली नाही. जिल्ह्याच्या चाचणीची तारीख तिने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.